अपडेट टाकला आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले: तपासणी कुठून सुरू करायची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना आडत दुकानात फोन लावला तर कुणी उचलत नाही. पण सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसं सकाळी साडेदहाला आपणहून फोन करतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, काल तुम्ही काय करून ठेवलंय?"

अकरा वर्षं मी हेच फोन घेतोय. विश्रामबागेत आमचं चार जणांचं ऑफिस. गिऱ्हाइकं म्हणजे यार्डातले आडते, तासगावचे बेदाणा व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतले दोन-तीन कारखाने आणि थेट कऱ्हाडपर्यंत विखुरलेली काही दुकानं. बिल, शेतकऱ्याची पट्टी, खतावणी, स्टॉक, जीएसटी, एवढंच आमचं काम. त्यात दर अपडेटनंतर त्याच त्या तक्रारी येतात. निम्म्याहून जास्त वेळा दोष आम्ही ज्या भागाला हात लावला त्यात नसतोच. म्हणून कोड उघडायच्या आधी काय काय बघायचं, त्याचा क्रम खाली दिलाय. फुकटचं आणि पाच मिनिटांचं आधी, खर्चाचं आणि धोक्याचं शेवटी.

लक्षणं

- एका कॉम्प्युटरवर चालतं, शेजारच्यावर नाही.
- बिलाची तारीख उलटी पडते, किंवा बिल भलत्याच महिन्यात जाऊन बसतं.
- बिल छापलं जातं, पण बेरीज दुसऱ्या कागदावर येते.
- एकूण रकमेत एक-दोन पैशांचा फरक.
- एकाच गावाचं किंवा माणसाचं नाव यादीत दोनदा दिसतं आणि शोधलं की सापडत नाही.
- नोंद सेव्ह होत नाही.
- "सगळंच बंद पडलंय." (म्हणजे बहुतेक वेळा एक बटण.)

यातली दोन लक्षणं एकाच दुकानातून आली, तर दोन वेगळे दोष धरून चाला. एकाच कारणात दोन्ही बसवायच्या नादात मी पूर्वी बरेच दिवस घालवलेत.

हात लावण्याआधी

डेटाबेसची कॉपी घ्या. पेन ड्राइव्हवर घ्या, त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. गिऱ्हाईक घाईत असतं, आपणही असतो, आणि "एवढं एक दुरुस्त करतो" म्हणत आपण टेबलात हात घालतो. नंतर मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला, हे कळायला काहीच राहत नाही. कॉपी असेल तर ऑफिसात बसून तो दोष दहा वेळा पुन्हा घडवून बघता येतो.

१. तक्रार त्यांच्या शब्दांत लिहून घ्या

खर्च शून्य. आणि यावरच मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण आमच्या बऱ्याच फेऱ्या इथेच वाया गेल्या.

एका दुकानातल्या दिवाणजींचा फोन आला, "आवं, कालपास्नं बिल फाटाय लागलंय." आमच्या नव्या पोराने वहीत लिहिलं, 'प्रिंटर कागद फाडतो.' मग तो दुकानात गेला, प्रिंटरमधल्या कागद ओढणाऱ्या ट्रॅक्टरची भोकं बघितली, रिबन बदलली, कागद नवा घातला. बिल 'फाटतच' होतं. तिसऱ्या दिवशी मी गेलो आणि म्हटलं, "अण्णा, एक बिल काढून दाखवा की." बिल फाटत होतं म्हणजे दोन पानांत विभागलं जात होतं. नव्या व्हर्जनमध्ये आम्ही मालाच्या नावाखाली एचएसएन नंबर, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, छापायला लागलो होतो. प्रत्येक ओळीच्या दोन ओळी झाल्या, आणि बारा ओळींच्या छापील फॉर्मवर बेरजेला जागाच उरली नाही. अण्णांनी पहिल्या वाक्यात बरोबर तेच सांगितलं होतं. आम्ही त्याचं आमच्या भाषेत भाषांतर केलं आणि खूण पुसून टाकली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की तक्रारीच्या रकान्यात दिवाणजी बोलले तेच शब्द, अवतरण चिन्हांत. आपला अंदाज पुढच्या रकान्यात. मग विचारायचं: कुठल्या बिलाला झालं, नंबर सांगा. शेवटचं बरोबर निघालेलं बिल कुठलं? कुणी काढलं, मालकांनी की पोराने? कुठल्या कॉम्प्युटरवर? आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटो संपूर्ण स्क्रीनचा हवा, खालची घड्याळाची पट्टी दिसली पाहिजे. का, ते तिसऱ्या तपासणीत येईलच.

शेवटचं बरोबर बिल आणि पहिलं चुकीचं बिल यांच्यामध्ये काय घडलं, एवढंच आपल्याला शोधायचंय. अपडेट मंगळवारी रात्री टाकला आणि पहिलं चुकीचं बिल सोमवारचं निघालं, तर आपण सुटलो. असं दर अपडेटला दोन-तीनदा तरी होतं. नवं काही आलं की लोक निरखून बघायला लागतात, आणि वर्षभर तिथेच असलेला दोष त्यांना त्या दिवशी दिसतो. तो दोष दुरुस्त करायचाच, पण त्यासाठी अपडेट मागे घेण्यात अर्थ नाही.

२. अपडेट खरंच पोहोचला का?

प्रोग्रामच्या मेनूतलं 'बद्दल' उघडा आणि व्हर्जनचा आकडा वाचा. प्रत्येक मशीनवर. दुकानात तीन कॉम्प्युटर असतात; मालकांच्या केबिनमधला त्या दिवशी बंद होता, म्हणून तो राहून गेला. किंवा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट अजून जुन्या फोल्डरकडे जातोय. जुना प्रोग्राम नव्या टेबलांवर नोंदी टाकत राहिला की लक्षणं भुताटकीसारखी वाटतात: सकाळची बिलं बरोबर, दुपारची चूक, संध्याकाळी परत बरोबर. म्हणजे दुपारी दुसरा माणूस दुसऱ्या मशीनवर बसतो.

इथेच अँटिव्हायरसही बघून घ्या. नवी फाइल अनोळखी म्हणून त्याने बाजूला काढून ठेवली असेल, तर शॉर्टकट दाबूनही काही उघडत नाही.

३. तारीख आणि प्रिंटर

घड्याळाच्या पट्टीवर तारीख कशी दिसतेय ते बघा. आधी दिवस मग महिना असेल तर ठीक. महिना आधी असेल तर विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची आहे. हा दोष लबाड आहे. १३ तारखेपासून तो ओरडतो, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखेपर्यंत मात्र तो गप्प राहतो आणि नोंदी उलट्या करून ठेवतो. ५ एप्रिलचं बिल ४ मे होतं. १ एप्रिलचं बिल ४ जानेवारी होऊन मागच्या आर्थिक वर्षात शिरतं, आणि ताळेबंद जुळवताना सीएंच्या ऑफिसातून फोन येतो. म्हणून फक्त १३ तारखेनंतरची अडलेली बिलं बघून थांबू नका. त्या आधीच्या बारा दिवसांतल्या नोंदीही तपासा.

सेटिंग बरोबर दिसूनही तारीख उलटत असेल, तर आपला एखादा भाग विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप, चालतोय का ते बघा. सर्व्हिस स्वतःच्या वेगळ्या खात्यात चालते आणि त्या खात्याची सेटिंग बहुधा मुळातलीच, अमेरिकेची असते. दिवाणजींच्या खात्यातलं भारतीय घड्याळ तिला दिसत नाही. खरा इलाज कोडमध्ये आहे: तारीख मजकूर म्हणून इकडून तिकडे पाठवायचीच नाही, आणि पाठवायचीच झाली तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

प्रिंटरचं थोडक्यात. विंडोज १० पासून 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा' अशी एक सेटिंग आहे. ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी लेझरवर आधार कार्डाची प्रिंट काढली की पुढचं बिल लेझरवर. ती बंद करा.

४. कऱ्हाडची गंमत

मोबाइल अ‍ॅप दिल्यानंतर आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला दोष हाच, म्हणून जरा सविस्तर.

गावांच्या यादीत 'कऱ्हाड' दोनदा दिसायला लागलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकावर क्लिक केलं तर सात खाती, दुसऱ्यावर क्लिक केलं तर दोन. दिवाणजी म्हणाले, "कऱ्हाडची उधारी कमी झाली काय हो?" उधारी जागेवरच होती, गावाचे दोन भाग झाले होते.

कारण आपल्या लिपीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या कोडने साठवतो त्यात, अर्धा 'ऱ' तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त (पाय मोडायची खूण). दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. तिन्ही पडद्यावर एकसारखी दिसतात. एक कीबोर्ड एक तऱ्हा उमटवतो, दुसरा दुसरी. कॉम्प्युटरला मात्र ते तीन वेगळे शब्द.

तपासायला सोपं आहे. ती नावं एक्सेलमध्ये चिकटवा आणि लेन फंक्शनने लांबी मोजा. पहिल्या तऱ्हेचं 'कऱ्हाड' ६ भरतं, बाकी दोन्ही ७. लांबी वेगळी आली की झालं, दोष सापडला. दोन्ही ७ असतील तरी निश्चिंत होऊ नका, एक नुक्तेवालं आणि एक जॉइनरवालं असू शकतं.

आता दुरुस्ती, आणि इथे मी स्वतः आपटलोय. पहिल्यांदा मी सगळ्या नावांमधून न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकली. जॉइनर गेला, तसा अर्धा र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला. कऱ्हाडचं 'कर्हाड' झालं. दऱ्यांचा दर्या आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात, तसलाच प्रकार. दिवाळीच्या शुभेच्छांची पाकिटं त्याच यादीवरून छापली गेली, आणि एका गिऱ्हाइकाने पाकिटाचा फोटो काढून मला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

बरोबर रीत अशी. 'र, हलन्त, जॉइनर' हे त्रिकूट सापडेल तिथे 'ऱ, हलन्त' घाला. नुक्त्याच्या तऱ्हेसाठी युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर एकाच तऱ्हेने लिहायची ठरलेली रीत) पुरतं, ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं. जॉइनरला मात्र ते हात लावत नाही, म्हणून दोन्ही पायऱ्या लागतात. आणि हे शोधताना करून उपयोग नाही, नोंद साठवतानाच करायचं. जुन्या नोंदींवर एकदा, कॉपीवर चालवून बघून मग खऱ्यावर. बदललेल्या नावांची यादी छापून दिवाणजींना दाखवा. कुणी मुळातच 'कराड' लिहिलं असेल तर तो तुमचा बग नव्हे, त्याला हात लावू नका.

५. पैशाचा फरक

"एक पैसा कमी येतोय" या तक्रारीला हसू नका. त्या एका पैशासाठी दिवाणजी रात्री नऊपर्यंत खतावणी घेऊन बसतात.

करपात्र रक्कम १,२२९ रुपये आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. अडीच टक्के होतात ३०.७२५. दिवाणजींचा हिशोब याचे ३०.७३ करतो. प्रोग्राम ज्यात लिहितात त्या डॉट नेटचं साधं राउंड फंक्शन ३०.७२ करतं, कारण बरोबर मधोमध आकडा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचं राउंडही तसंच. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरचं राउंड मात्र शाळेत शिकवलं तसं वर जातं. आमचा हिशोब पूर्वी क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमध्येच, होता. एका अपडेटला आम्ही वेगासाठी तो प्रोग्राममध्ये आणला, आणि दोन्ही कर मिळून बिलामागे दोन पैसे गळायला लागले. सगळ्या बिलांना नाही, मधोमध येणाऱ्यांनाच. म्हणून आमच्या चाचणीत ते दिसलं नव्हतं. आम्ही हजार, दोन हजार असे गोल आकडे घालून बघितलं होतं.

राउंड करताना 'शून्यापासून दूर' हा पर्याय उघड लिहा, आणि पैशासाठी डेसिमल हा आकड्याचा प्रकार वापरा, दशांश अंदाजे साठवणारा फ्लोट नको. आणखी एक गोष्ट तेव्हापासून करतो: गिऱ्हाइकाच्या परवानगीने, नावं काढून, मागच्या वर्षीची दोनशे खरी बिलं जपून ठेवलीत. नवं व्हर्जन बाहेर जायच्या आधी ती त्यातून पुन्हा काढायची आणि जुन्या रकमेशी पैशापर्यंत ताडून बघायची. पंधरा मिनिटं लागतात. मग ते व्हर्जन पहिले आठ दिवस एकाच दुकानात, आणि तेही सर्वांत कटकटे दिवाणजी असतील त्याच दुकानात.

६. नोंदच सेव्ह होत नाही

आधी डिस्कवर जागा आहे का बघा. मग डेटाबेसचा आकार. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट मिळतं, पण त्याच्या २०१९ आणि २०२२ च्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. बेदाण्याच्या नमुन्याचे फोटो बिलाला जोडायची सोय आम्ही दिली आणि फोटो डेटाबेसमध्येच ठेवले. तासगावच्या व्यापाऱ्यांनी ती सोय मनापासून वापरली. पाचव्या महिन्यात एकाची नोंद थांबली. दोष अपडेटचाच, पण उगवला पाच महिन्यांनी, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोटो फोल्डरमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता.

७. कुठली तक्रार आधी

दहा फोन एकदम आले की ओरडणाऱ्याचं काम आधी होतं. तसं करू नका. ज्यात पैसा किंवा कर चुकतोय ते पहिलं. त्यातही ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं, सर्वांत आधी, कारण तिथे घड्याळ चालू असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू आहे, आणि एकदा नोंदलेलं ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन परवाना) रद्द करायलाही २४ तासच. म्हणजे सकाळी अकराला आलेली तक्रार "उद्या बघतो" म्हणून ठेवली, तर उद्या दुपारी तो प्रश्न आपल्या हातात राहत नाही. क्रेडिट नोट काढावी लागते. रंग बदलला, बटण सापडत नाही, अक्षर बारीक झालं, ही कामं शनिवारी.

एकच तक्रार तीन वेगळ्या दुकानांतून आली तर ती आपली. एकाच दुकानातून तीनदा आली तर आधी ते मशीन.

८. मागे जायचं का?

जुनं व्हर्जन परत टाकणं सोपं वाटतं, पण सकाळी साडेदहाला ते जितकं सोपं असतं तितकं संध्याकाळी सहाला नसतं. नव्या व्हर्जनमध्ये किती नोंदी पडल्या ते आधी मोजा. पाच-दहा असतील तर जुना बॅकअप लावा आणि दिवाणजींच्या शेजारी बसून त्या पुन्हा घाला. दोनशे असतील तर पुढेच जा, दुरुस्ती द्या. अपडेटने टेबलात नुसता नवा रकाना वाढवला असेल तर जुना प्रोग्राम बहुधा चालतो. जुन्या रकान्याचा अर्थच बदलला असेल, समजा पोत्यांऐवजी क्विंटल, तर चुकूनही जुना प्रोग्राम त्यावर चालवू नका.

११ तारखेच्या आणि २० तारखेच्या आधीचे चार दिवस आम्ही काही बाहेर काढत नाही. जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची तीच गडबड असते. मार्चअखेर आणि शुक्रवारची संध्याकाळही नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॉपीवर दोन तास घालवूनही दोष पुन्हा घडवता आला नाही, तर कोड लिहिणाऱ्याकडे द्या. देताना कॉपी, बिल नंबर, व्हर्जन आणि दिवाणजींचं ते पहिलं वाक्य द्या.

चुकीच्या बिलांवरून रिटर्न भरून झालं असेल तर सॉफ्टवेअरमधून मागच्या तारखेत काही बदलू नका. चुकलेल्या बिलांची यादी काढून गिऱ्हाइकाच्या सीएंकडे द्या. पुढचा निर्णय त्यांचा.

डेटाबेसवर चेकडीबी ही तपासणीची आज्ञा चालवल्यावर चुका दाखवल्या, तर तो स्वतःच एक दुरुस्तीचा पर्याय सुचवतो. त्या पर्यायाच्या नावातच 'डेटा लॉसला परवानगी' आहे, आणि तो खरंच नोंदी टाकून देतो. आपण तो चालवायचा नाही. डेटाबेसचा जाणकार बोलवा, तोवर मशीन तसंच ठेवा.

फाइलींची नावं अचानक बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर आधी नेटवर्कची वायर काढा. तो बग नाही, खंडणी मागणारा व्हायरस आहे.

आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा तिला पाणी लागलं असेल, तर 'एकदा चालू करून बघू' म्हणू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर माझ्या ओळखीतल्या दोन दुकानदारांनी सीपीयू उन्हात वाळवून चालू केले. दोन्ही डिस्क तिथेच गेल्या. तिसऱ्याने तो तसाच ओला पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवला. चौथ्याचा बॅकअपचा पेन ड्राइव्ह विट्याला बहिणीकडे होता. त्यांना फक्त नऊ दिवसांची बिलं हाताने घालावी लागली.